क्लांगला जहाज किती तास थांबतं?

आमच्या तुळजापूरच्या गल्लीत कुठलीच गोष्ट एका दमात पुरी होत नाही. दुकान रिकामं असलं की कुणीतरी सुरू करतं, गिऱ्हाईक आलं की तिथंच थांबतं, आणि गिऱ्हाईक गेलं की पुढं चालू होतं. तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसराच बसलेला असतो. अशानं एकेका गोष्टीचे अर्धे-अर्धे तुकडे गावभर फिरतात. आमच्या जहाजाच्या सहलीचं तेच झालंय. परवा तामलवाडीचा एक ओळखीचा माणूस मला म्हणाला, "बापू, तुमच्या अप्पांनी म्हणं परदेशात चपलांचा धंदा टाकला." असं काही झालेलं नाही. झालं ते वेगळं आहे. म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळं ओळीनं लिहून काढावं. कुठलं बंदर बघण्यासारखं आणि कुठलं सोडलं तरी चालतं असंही लोक विचारतात. त्याचं उत्तर यात आहे, ज्याचं त्यानं शोधून घ्यावं.

माझं कवड्यांच्या माळा आणि देवीच्या परड्यांचं दुकान. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यात कानडी आलं, तेलुगू आलं, इंग्रजी राहून गेलं. शेजारी हणमंतअप्पांचं हळदी-कुंकवाचं दुकान. अप्पांनी पंचाहत्तरी ओलांडलीय, शांताकाकू त्यांच्या पत्नी. समोर रशीदभाईंचं बांगड्यांचं दुकान. आम्ही तिघं चाळीस वर्षं एकमेकांच्या तोंडाकडं बघत धंदा करतोय.

दिवाळीनंतर गर्दी ओसरली की आमच्याकडं जरा उसंत असते. सोलापूरच्या एका टूरवाल्यानं जहाजाची सहल काढली होती. सिंगापुरात चढायचं, मग फुकेत, मलेशियातलं पेनांग आणि पोर्ट क्लांग करून परत सिंगापूर. अप्पांच्या मुलानं आईवडलांचं बुकिंग केलं आणि सोबत पाहिजे म्हणून मला गळ घातली. रशीदभाई येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हा माणूस बार्शीला लग्नाला गेला तरी जेवणाचं ताट पुसून दुपारच्या गाडीनं दुकानात परत येतो. पण ते आमच्याबरोबर टूरवाल्याच्या ऑफिसात आले, खुर्चीवर बसले आणि सहलीबरोबर येणाऱ्या तिथल्या पूनम मॅडमना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"क्लांगला जहाज किती तास थांबतं?"

मॅडम हसून म्हणाल्या, "काका, क्लांगला काही नाहीये हो. नुसते कंटेनर. बहुतेक लोक तिथं उतरतच नाहीत, जहाजावर आराम करतात. तुम्हाला फुकेत आवडेल बघा."

"ते बरोबर हाय. किती तास?"

"आठ."

रशीदभाईंनी सही केली.

*

क्लांगचं कारण आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही दोघं भिंतीवरच्या चित्राकडं बघत बसलो.

रशीदभाईंची मुलगी नसरीन क्लांगला असते. बांगड्या भरण्यात तिच्यासारखा हलका हात आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. बारावी झाल्यावर तिनं बापाला सांगितलं, दुकान मी चालवते. रशीदभाईंनी दुकान मुलाच्या नावावर केलं. मुलानं अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं लावली. नसरीननं लग्नाला हो म्हटलं, नवरा क्लांगच्या बंदरात क्रेन चालवायला होता, त्याच्याबरोबर गेली, आणि तिथं तिनं बांगड्यांचं दुकान काढलं. तेव्हापासून सहा वर्षं बापलेकीचं बोलणं नाही.

नाही म्हणजे, अगदीच नाही असं नाही. दर शुक्रवारी भाभी, म्हणजे रशीदभाईंच्या पत्नी, व्हिडिओ कॉल लावतात. रशीदभाई मोबाइलच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे बसतात आणि हळूच सांगतात, "विचार, माल कुठून आणती." भाभी विचारतात. तिकडून उत्तर येतं, "अम्मी, त्यांना सांग, फिरोजाबादहूनच." मग रशीदभाई मान हलवतात. ती मान तिकडं दिसत नाही.

भाभींचे गुडघे धरलेत, त्यांना प्रवास होत नाही. त्यांनी निघताना रशीदभाईंना एवढंच सांगितलं, "भेटून या. न्हायतर येऊ नका." आम्ही समोरच उभे होतो, त्यामुळं ही धमकी आम्हालाही लागू आहे असं धरून चाललो.

*

सिंगापूर सगळ्या जगाला आवडतं. अप्पांना आवडलं नाही.

एसटी स्टँडवरून आमच्या गावात माणूस आला की त्याच्याभोवती पाच मिनिटांत सात माणसं जमतात. खोली पाहिजे का, अभिषेक करायचाय का, चहा घेता का, चपला इथं ठेवा. अप्पांचा सगळा जन्म या आवाजात गेलाय. सिंगापूरच्या बंदरावर दोन-अडीच हजार माणूस सामान घेऊन उभं होतं आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. टॅक्सीवाले ओळीत, माणसं ओळीत. अप्पांनी अर्धा तास वाट बघितली.

"बापू, एवढी माणसं उतरली. एकानं तरी या, बसा म्हणलं का?"

"न्हाय अप्पा."

"ह्या गावाला धंदा करायची इच्छाच दिसत न्हाय."

पुढं जहाजावर चढताना जास्त पैसे भरलेल्यांची वेगळी रांग आणि बाकीच्यांची वेगळी रांग दिसली, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. तीर्थाच्या गावात वाढलेल्या माणसाला रांगेचं शास्त्र सांगावं लागत नाही. अप्पांनी मोठ्या रांगेतल्या लोकांना, कुठल्या बाजूनं सरकलं तर नंबर लवकर लागेल, हे मराठीतून समजावलं. आमच्या पुढं सतरा माणसं होती, ती सगळी त्यांच्या बोटाच्या दिशेनं सरकली. आम्ही त्या मोकळ्या जागेतून पुढं गेलो.

*

फुकेतला मोठं जहाज काठाला लागत नाही. दूर थांबतं आणि लहान होडीतून माणसं नेतात. होडीतून पाय खाली टाकला आणि एक माणूस धावत आला, "आओ भाईसाब, टॅक्सी, मसाज, इंडियन खाना!" त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं छत्र्या विकणारी बाई. अप्पांचा चेहरा असा खुलला की काकूंनी चार पावलं मागं सरकून त्यांच्याकडं बघितलं.

"ह्याला म्हणायचं बंदर," अप्पा म्हणाले. त्यांनी कुणाकडूनही काही घेतलं नाही, पण प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटं बोलले. परत निघताना टॅक्सीवाला त्यांना सोडायला होडीपर्यंत आला.

काकू समुद्राच्या काठाला उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होत्या. आम्हाला वाटलं काहीतरी बोलतील. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हे उद्या बी असंलच की. चला, पाय भाजायलेत."

माझंही तिथं एक झालं. वाळूत चालताना पायाशी एक कवडी दिसली. चांगली पिवळी, पाठीला डाग नाही, दातरी बाजू साबूत. माझ्या दुकानात आजवर लाखो कवड्या आल्या असतील, सगळ्या पोत्यातून. दुकानाबाहेर नुसती पडलेली कवडी मी जन्मात पहिल्यांदा बघितली. उचलली. हातात वजन घेतलं. भाव मनात आला. इकडंतिकडं बघितलं, मालक कोण ते समजेना, म्हणून होती तिथं ठेवून दिली.

रशीदभाई होडीतून उतरलेच नाहीत, परतीच्या फेरीला बसूनच राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "पूनम मॅडमला विचार, क्लांगला टॅक्सी कुठं मिळती."

*

आता चपलांचं.

पेनांगला आम्हाला निजलेल्या बुद्धाच्या देवळात नेलं. मूर्ती भली मोठी आहे. दारात पायताण काढून आत जायचं. रशीदभाई जहाजावरच होते, दाढी करायची आहे म्हणून थांबले होते; दाढी सकाळीच झालेली होती. मी आणि काकू आत गेलो. अप्पांचे गुडघे दुखत होते, ते बाहेर पायरीवर बसले.

ज्यांनी आमच्याकडची दुकानं बघितली नाहीत त्यांना सांगायला पाहिजे. देवळाच्या वाटेवरचा दुकानदार येणाऱ्याला पहिलं वाक्य म्हणतो, "चपला इथं ठेवा." पैसे घेत नाही. चपला आमच्याकडं राहिल्या की माणूस परत आमच्याकडंच येतो, आणि आला की कुंकू घेतो. हे अप्पांच्या हातात इतकं मुरलंय की समोर चप्पल तिरकी पडली तरी त्यांना बसवत नाही.

त्या देवळाच्या दारात दोन बसची माणसं आपापल्या चपला कशाही टाकून आत गेली होती. अप्पांनी आधी एक जोड सरळ केला. मग शेजारचा. मग मोठे बूट वर, लहान खाली, बायकांच्या सपाता वेगळ्या. एवढ्यात तिसरी बस आली. त्यातल्या एका उंच गोऱ्या माणसानं बघितलं की इथं एक म्हातारा माणूस व्यवस्था ठेवतोय, आणि आपले बूट थेट अप्पांच्या हातात दिले. मागच्यांनी रांग लावली.

आम्ही बाहेर आलो तर अप्पा पन्नास-साठ जोडांच्या मधे बसलेले. पूनम मॅडम घड्याळ बघत उभ्या.

"काका, चला ना. बस निघतीये."

"थांबा जरा. लोक आत गेल्यात, त्यांची पायताणं माझ्याकडं हायत. टाकून कसं यायचं?"

"काका, हे आपलं काम नाहीये."

"हातात घेतलं म्हणजे झालं की काम."

बस गेली. डोंगरावरची गाडी बघायची होती ती राहिली. मी, काकू आणि मॅडम तिघंही पायरीवर बसलो. माणसं बाहेर येत, अप्पा तोंडाकडं न बघता पायाकडं बघत आणि बरोबर जोड पुढं करत. एकही चुकला नाही. शेवटी एकच जोड उरला, पांढरे कोरे बूट. देवळाचा पुजारी दार लोटायला आला.

"आत अजून कुणीतरी हाय," अप्पा म्हणाले. पुजाऱ्याला खुणा करून त्यांनी दोनदा आत बघायला लावलं.

मग काकूंनी विचारलं, "तुमच्या पायात काय हाय?"

अप्पांच्या पायात काही नव्हतं. ते बूट मुलानं सहलीसाठी घेऊन दिले होते, आणि चार दिवसांत अप्पांची त्यांच्याशी ओळख झाली नव्हती.

*

त्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमधे कप्तानाचा आवाज आला. तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लातूरच्या एका कुटुंबानं तर उठून वाजवल्या.

रशीदभाईंनी मला विचारलं, "काय म्हणला?"

मी पूनम मॅडमना विचारलं. क्लांगच्या बंदरात गर्दी होती. जहाज सकाळी आठला लागायचं ते दुपारी बाराला लागणार होतं, आणि निघायची वेळ चारचीच. त्याबदल्यात सकाळी डेकवर गाण्यांचा कार्यक्रम होता. म्हणून टाळ्या.

मी हे सांगितल्यावर रशीदभाईंनी हातातला चमचा ताटात सरळ ठेवला. "म्हंजी चार तास."

"तीनच, काका," मॅडम म्हणाल्या, "तीन वाजता सगळ्यांनी परत पाहिजे. आणि गावात जायला-यायला पाऊण-पाऊण तास. म्हणजे हातात दीड तास. खरंच जाताय का? जहाज कुणासाठी थांबत नाही हं."

आमचं सगळं आयुष्य एसटीत गेलं. एसटीला एकानं दांडा धरून 'दोन माणसं येत्यात' म्हटलं की गाडी थांबते. इथं दांडा कुठं धरायचा हेच ठरत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "रशीद, तुला उतरायचंय का न्हाय ते सांग."

"मला मार्केट बघायचंय," रशीदभाई म्हणाले.

"मग आमाला बी बघायचंय," काकू म्हणाल्या.

*

क्लांगला आख्ख्या जहाजातून मोजकी माणसं उतरली, त्यात आम्ही चौघं. बंदरावर खरोखर काही नाही. लोखंडी डब्यांच्या उतरंडी, क्रेन आणि ऊन. रशीदभाईंनी टॅक्सीच्या काचेतून प्रत्येक क्रेनकडं मान वर करून बघितलं. जावई कुठल्या क्रेनवर असतो ते त्यांना माहीत नव्हतं.

भाभींनी लिहून दिलेल्या रस्त्यावर टॅक्सी थांबली आणि आम्ही खाली उतरलो, तर समोर आमचीच गल्ली. फुलांचे हार लोंबतायत, पितळेच्या समया मांडल्यात, कापूर जळतोय, एक माणूस हाका मारून गिऱ्हाईक ओढतोय. भाषा तमिळ, बाकी सगळं तेच. अप्पा पहिल्याच कुंकवाच्या दुकानात शिरले. चिमूटभर कुंकू बोटांवर चोळलं. "आपल्यापेक्षा बारीक दळलंय," म्हणाले, आणि तिथंच स्टुलावर बसले. ते काही आता उठणार नव्हते.

चार दुकानं पुढं इंग्रजीत पाटी होती. मी अक्षरं लावून वाचली. नसरीन बँगल सेंटर.

रशीदभाई रस्त्याच्या अलीकडंच थांबले, एका फुलवाल्याच्या दारात. "सेंटर कशाला लिवलंय," म्हणाले. "एवढंसं दुकान."

आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या दुकानात आपण स्वतः पाऊल टाकत नाही. तिऱ्हाईत माणूस पाठवतो, तो माल बघून, भाव विचारून येतो. रशीदभाईंनी काकूंना सांगितलं, "वहिनी, तुम्ही जावा. चुडा भरून घ्या. हात कसा चालतो तेवढा बघून या. बापू, तू बी जा. माझं नाव काढू नका."

नसरीन लहानाची मोठी काकूंच्या ओट्यावर झालेली. पण हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही तिऱ्हाईतासारखे तोंड करून आत गेलो.

नसरीन गादीवर बसून एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. तिनं एकदा वर बघितलं. "काकू, बसा. बापूकाका, त्या जगमधे गार पाणी हाय, घ्या."

जणू आम्ही शेजारच्या बोळातून आलो होतो.

ती बाई गेल्यावर तिनं काकूंचा हात घेतला. काकूंच्या बोटांची पेरं संधिवातानं फुगलीत, गेली कित्येक वर्षं त्या ढिल्या बांगड्याच घालतात. नसरीननं तळवा दाबला, अंगठा आत मुडपला आणि एकेक करत डझनभर काचेच्या हिरव्या बांगड्या मनगटापर्यंत नेल्या. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एकही वाढली नाही.

"तुझ्या बापाच्या हातानं दोन तरी वाढत्यात," काकू म्हणाल्या, आणि मग जीभ चावली.

नसरीननं दुसरा हात घेतला. "बापूकाका, अब्बांना सांगा, त्या फुलवाल्याच्या दारात उभं राहू नका. पंधरा मिनिटं झाली, त्याचं गिऱ्हाईक आत जाईना."

मी रस्ता ओलांडून गेलो आणि निरोप जसाच्या तसा दिला.

"मला म्हणली?"

"तुमालाच."

"अजून काय म्हणली?"

"एवढंच."

रशीदभाईंनी फुलवाल्याकडं बघितलं. तो खरंच वैतागलेला होता. "त्याचं बी बरोबर हाय," असं म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि रस्ता ओलांडला.

आत ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं उरली होती. काकू आपले हात उजेडात धरून बसल्या. रशीदभाईंनी खालपासून वरपर्यंत सगळे खण बघून घेतले.

"खोक्यांवर साइज लिवलेला न्हाय."

"मला ठावं असतो."

"हं."

तेवढ्यात तीन-चार बायका एकदम आत आल्या, लग्नाच्या घरच्या असाव्यात. नसरीननं पहिलीच्या पुढं बांगड्या मांडल्या आणि तमिळमधे भाव सांगितला. बाईनं तोंड वाकडं केलं, बांगड्यांवर बोट ठेवलं, काहीतरी कमी सांगितलं आणि हात मागं ओढून उठायला लागली. रशीदभाईंना तमिळचा एक शब्द येत नाही, पण उठणारं गिऱ्हाईक त्यांना कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी चटकन पुढं होऊन बोटं वर केली, एवढ्याला घे म्हणून.

नसरीननं वर न बघता मराठीत सांगितलं, "अब्बा, इथं भाव मी सांगते."

मी रस्त्याकडं बघायला लागलो. काकू बांगड्या मोजायला लागल्या.

रशीदभाईंनी बोटं खाली घेतली. "बरं," म्हणाले.

बाई परत खाली बसली आणि तिनं नसरीननं सांगितलेले पैसे दिले.

"मग मी काय करू?" रशीदभाईंनी विचारलं.

"तिघी थांबल्यात," नसरीन म्हणाली, आणि तिनं हिरव्या बांगड्यांची एक पेंडी त्यांच्या पुढं सरकवली. "पुढचा हात धरा."